गोचिडीच्या मेंदूज्वरानंतरचे पुनर्वसन : बव्हेरियातील एका केंद्राविषयी

जर्मनीत एफएसएमई या नावाने ओळखला जाणारा, गोचीड चावल्याने होणारा विषाणूजन्य मेंदूज्वर माझ्या पतींना झाला आणि इस्पितळातून थेट बव्हेरियातील एका निवासी पुनर्वसन केंद्रात त्यांना हलवण्यात आले. या विषाणूवर नेमके औषध नसल्याने ताप उतरल्यावर जे मागे उरते, त्यासाठी सारी भिस्त अशा केंद्रांवरच असते.

मज्जारज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हलवतात, त्यांच्यावर हा विषाणू घाला घालतो, तोही बहुधा मानेच्या भागात. म्हणून पायांपेक्षा खांदे आणि दंड लुळे पडलेले रुग्ण अधिक आढळतात. यांची बोटे व्यवस्थित चालत होती, पण हात खांद्यातून उचलला जात नव्हता. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो वरून टांगलेल्या झोळीत ठेवून त्याचा भार काढून घेतला, आडवा झुलवायला लावला आणि स्नायू दमण्याआधीच थांबवले. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, जे मला फार मोलाचे वाटले.

केंद्राची खरी ताकद मात्र न दिसणारी दुखणी ओळखण्यात आहे. एकाग्रतेच्या चाचणीत, पडद्यावर ठरावीक आकृती आली तरच कळ दाबायची असते. यांची सुरुवातीची उत्तरे अचूक होती आणि मग चुकांची रांग लागली. घरी ज्याला आम्ही आळस समजलो असतो, तो आजाराचा अवशेष असल्याचे अहवालात नोंदले गेले आणि कामावर हळूहळू तास वाढवत परतण्याच्या अर्जाला त्याचा आधार मिळाला.

असे असूनही वेळापत्रक पक्षाघाताच्या रुग्णांसाठी बेतलेले असावे, इतके गच्च आहे. लागोपाठच्या सत्रांनी यांचे डोके दुपारीच ठणकू लागे. तक्रार केल्यावर व्याख्याने वगळली गेली, पण मुळात तक्रार करावी लागली. जेवणाच्या दालनातील गलकाही अशा रुग्णांना सोसवत नाही. (शाकाहार म्हणजे चीज आणि बटाटे, हे गृहीत धरावे.)

सर्वांत खटकले ते निराळेच. केंद्रामागील फिरण्याची वाट उंच गवतातून जाते, तरी गोचिडींविषयी तेथे एकही फलक नाही. विषाणू गोचिडीच्या लाळेतून चावताक्षणीच शरीरात शिरू शकतो, त्यामुळे ती लगेच उपटून काढणे पुरेसे नसते. सोबत राहणाऱ्या नातेवाइकांनी लसीच्या तीन मात्रांविषयी आपल्या डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. जोखमीच्या भागात या लसीचा खर्च आरोग्य विमा उचलतो.