दोन गाड्यांमधलं अंतर: ॲरिझोनाच्या वाळवंटात व्हॅनमध्ये राहिल्यानंतर

ऑक्टोबरपासून जूनपर्यंत मी उंच छताच्या एका जुन्या फोर्ड ट्रान्झिट व्हॅनमध्ये एकटी राहिले. बहुतेक काळ ॲरिझोनात, मध्ये थोडे दिवस कॅलिफोर्नियात. नोकरी घरून करायची, त्यामुळे इंटरनेट मिळेल तिथे घर. व्हॅनबद्दल लिहिणारे लोक बॅटरी आणि सोलरवर पानंच्या पानं लिहितात. तेही सांगते, पण थोडक्यात. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे: गाडीत राहणाऱ्यांच्या मेळाव्यांना जायचं की एकटं राहायचं? माझं मत आधीच सांगून टाकते. एकटीनं राहणं जमावं म्हणून मेळाव्याला जरूर जावं. आणि एकटं राहताना गाडी अशी लावावी की दुसरी एक गाडी दिसेल, पण तिचा आवाज येणार नाही.

हे सगळं शक्य होतं ते तिथल्या सरकारी मोकळ्या जमिनीमुळे. अमेरिकेच्या पश्चिम भागात ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, तोंडी ‘बीएलएम’, या खात्याकडे अफाट जमीन आहे. देशभरात मिळून सुमारे २४.५ कोटी एकर. तिच्यातल्या बऱ्याच जागी फुकट मुक्काम करता येतो. सर्वसाधारण नियम असा की २८ दिवसांच्या काळात एका जागी १४ दिवस, मग किमान २५ मैल लांब जायचं. वीज नाही, नळ नाही, संडास नाही. अशा राहण्याला तिथे बूनडॉकिंग म्हणतात. ज्यांना हिवाळाभर एकाच जागी राहायचंय त्यांच्यासाठी बीएलएमनेच काही दीर्घ मुक्कामाच्या जागा आखून दिल्या आहेत. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामाचा पास बरीच वर्षं १८० डॉलरला आणि १४ दिवसांचा ४० डॉलरला मिळत आला आहे. निघण्याआधी चालू दर बघून घ्या.

यातली सगळ्यात मोठी वस्ती क्वार्ट्झसाइटला. गाव जेमतेम अडीच हजार लोकांचं, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून वीसेक मैलांवर. जानेवारीत मात्र गावाभोवतीच्या मैदानांवर क्षितिजापर्यंत गाड्या दिसतात. तिथल्या स्मशानभूमीत दगडी पिरॅमिड आणि त्यावर धातूचा उंट असं एक स्मारक आहे. १८५६ साली अमेरिकी सैन्यानं वाळवंटी वाहतुकीसाठी उंट आणले, त्यांच्यासोबत आलेल्या हाजी अलीचं. स्थानिक लोक त्याला हाय जॉली म्हणत. १९०२ मध्ये तो इथेच वारला. गावात गेलात तर दहा मिनिटं काढून ते बघाच.

याच परिसरात, गाडीत कसं राहायचं हे शिकवणाऱ्या बॉब वेल्स यांनी रबर ट्रॅम्प राँदेव्हू हा मेळावा सुरू केला. थोड्या गाड्यांपासून सुरुवात झाली आणि पुढे हजारो माणसं येऊ लागली. स्त्रियांसाठी वेगळा मेळावाही भरत आला आहे. तिथे जी माणसं येतात त्यातले अनेक जण हौसेनं नव्हे, तर घरभाडं परवडत नाही म्हणून गाडीत राहणारे आहेत. वेल्स यांच्याशीच जोडलेली होम्स ऑन व्हील्स अलायन्स ही संस्था गरजूंना राहण्याजोगी गाडी तयार करून देते. हे मी मुद्दाम सांगतेय. फोटोंतून दिसणारं व्हॅनचं आयुष्य आणि तिथे शेजारी बसलेल्या सत्तरीच्या बाईचं आयुष्य यात फार अंतर आहे. ती बाई पेन्शनच्या पैशांत महिना कसा काढते हे ऐकल्यावर माझं स्वतःच्या खर्चाकडे बघणं बदललं.

मेळाव्यांत काय मिळालं? हात चालवायला शिकवणारी माणसं. बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये फ्यूज कुठे, किती अँपिअरचा, वायर किती जाडीची, हे पडद्यावर बघून कळत नाही. शेजारचे निवृत्त इलेक्ट्रिशियन काका माझ्या गाडीखाली सरपटत गेले, गंजलेली अर्थिंगची जोडणी दाखवली, आणि साफ करायला ब्रश माझ्याच हातात दिला. झाकणाच्या बादलीचा संडास स्वच्छ कसा ठेवायचा, हे पन्नास बायकांच्या गोलात बसून कसलाही संकोच न बाळगता ऐकलं. रात्री दारावर कुणी थाप मारली तर काय करायचं (दार उघडायचं नाही, पलंगावरून थेट ड्रायव्हरच्या सीटवर जाता आलं पाहिजे, आणि गाडीचं तोंड कायम बाहेर पडायच्या दिशेनं हवं) हेही तिथलंच. ‘फुकट घ्या’ म्हणून ठेवलेल्या सामानाच्या ढिगातून मला पाण्याचा एक चांगला कॅन मिळाला आणि माझ्याकडचा जादा स्टोव्ह कुणाच्या तरी उपयोगी पडला.

आणि कुकर! माझ्या तीन लिटरच्या कुकरची शिट्टी झाली की चार गाड्यांतून माथी बाहेर यायची. पाणी आणि गॅस दोन्ही मोजून वापरायचं असतं तिथे कुकरसारखं भांडं नाही. डाळ-भात एका शिट्टीच्या गॅसवर होतो, पुढे आतल्या वाफेवरच शिजतो. उंचीवर तर त्याच्याशिवाय डाळ लवकर शिजतच नाही. मुगाच्या खिचडीवर किती ओळखी झाल्या! एकीनं तर महिनाभरात स्वतःसाठी कुकर मागवला आणि मला शिट्टीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

पण मेळाव्यात मी सलग फार दिवस राहू शकत नाही. धूळ हे पहिलं कारण. शेकडो गाड्यांनी तुडवलेली जमीन वारा सुटला की उठते, आणि ती बारीक माती फ्रिजच्या पंख्यात, लॅपटॉपमध्ये, पिठाच्या डब्यात जाते. दुसरं, जनरेटर. बीएलएमच्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेचा नियम आहे, पण एका छोट्या मेळाव्यात बाजूच्या ट्रेलरचा जनरेटर दिवसभर माझ्या मीटिंगांमध्ये ऐकू जात होता. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मेळाव्यात दिवस बोलण्यात जातो. सकाळी कॉफी, दुपारी कुणाची तरी गाडी बघणं, संध्याकाळी शेकोटी. सगळं प्रेमाचं. पण ज्या वाळवंटासाठी आपण आलो, ते फक्त गाड्यांच्या मधल्या फटींतून दिसतं.

ते वाळवंट मला कोफा या वन्यजीव आश्रयस्थानात भेटलं. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला साधारण १८ मैलांवर यूएस ९५ या महामार्गावरून पाम कॅनियनकडे कच्चा रस्ता वळतो. ही बीएलएमची जमीन नव्हे, त्यामुळे नियम वेगळे: वर्षभरात मिळून १४ दिवस, गाडी ठरलेल्या रस्त्यापासून १०० फुटांच्या आत, आणि पाणवठ्यापासून पाव मैल लांब मुक्काम. तिथे बिगहॉर्न जातीच्या रानमेंढ्या आहेत आणि माणूस पाण्याशेजारी बसला तर त्या तहानलेल्याच परत जातात. वर खडकाच्या चिरेत ताडासारखी पंखे-पानांची जंगली झाडं उभी आहेत. दुपारी थोडाच वेळ त्यांच्यावर ऊन पडतं, तेव्हाच खालून नीट दिसतात. मी काम आटोपून रोज त्या वेळेला बाहेर खुर्ची टाकायची. सग्वारो निवडुंगाच्या ढोलीत सुतार पक्षी, पालोव्हर्डेच्या हिरव्या खोडाखाली लावा पक्ष्यांची रांग, आणि पाऊस पडून गेला की क्रिओसोटच्या झुडपांचा तो औषधी, डांबरासारखा वास. मला त्या वासाची इतकी ओढ लागली की ढग दिसले की मी खिडक्या उघडून ठेवायची. एकटं असल्याशिवाय हे कळायला लागणारा वेळ मिळत नाही. पहिले दोन दिवस डोक्यात गोंगाटच असतो, तिसऱ्या दिवसापासून दिसायला लागतं.

तिथेच उतारावर माझा पाय मुरगळला. सुजून एवढा झाला की सकाळी पलंगावरून उतरता येईना. दोनशे पावलांवर एका निवृत्त नर्सबाईंची गाडी होती. स्त्रियांच्या मेळाव्यात ओळख झालेली. आम्ही दोघींनी ठरवलं होतं: उठलं की बाहेरच्या आरशावर रुमाल बांधायचा. एकमेकींकडे जायचं नाही, बोलायचं नाही, फक्त रुमाल बघायचा. त्या दिवशी नऊपर्यंत माझा रुमाल दिसला नाही, तशा त्या चालत आल्या, पाय तपासला, बँडेज बांधलं, आणि चहा करून ठेवून परत गेल्या. सांगलीहून आई रोज विचारायची, “आजूबाजूला कुणी आहे ना गं?” मी म्हणायची, “आहे आई, दोनशे पावलांवर.” (ॲरिझोना उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे करत नाही, त्यामुळे वर्षभर साडेबारा तासांचाच फरक. माझी संध्याकाळची साडेसात म्हणजे आईची सकाळची आठ. फोनची वेळ कधी चुकली नाही.)

मेळाव्यातून अशी एक-दोन माणसं शोधणं आणि मग त्यांच्यासोबत लांब-लांब राहणं, हा मला सापडलेला सर्वांत चांगला मार्ग. मोकळ्या जमिनीवर हा शिष्टाचारही आहे. कुणी आधीच राहत असेल तर त्यांच्या दारासमोर किंवा त्यांच्या आणि डोंगराच्या मध्ये गाडी लावू नये. जवळ थांबायचंच असेल तर उजेड असताना जावं, लांबूनच हाक मारावी आणि विचारावं. “मी एकटी आहे, तुमची गाडी दिसेल इतक्या अंतरावर थांबले तर चालेल का?” या प्रश्नाला मला एकदाही नकार मिळाला नाही.

आता सामानाबद्दल. २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. छतावर ४०० वॅटची पॅनेलं. डिसेंबरमध्ये सूर्य खाली असतो तेव्हा सपाट ठेवलेल्या पॅनेलांतून दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास मिळते. फ्रिज आणि लॅपटॉपला पुरते, विजेच्या शेगडीला पुरत नाही, म्हणून स्वयंपाक गॅसवर. ही बॅटरी शून्य अंश सेल्सियसखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती गाडीच्या आत असावी. पाण्याची टाकी २० गॅलनची, म्हणजे पंचाहत्तर लिटर. काटकसरीनं एकटीला आठवडा निघतो. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मशिवाय एक रात्रही गाडीत झोपू नका. आणि फोनला रेंज नसलेल्या जागी जाणार असाल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ हवंच. शेजारच्या गाडीवर भिस्त ठेवून ते टाळू नये.

कागदपत्रांचं थोडं. युमा शहराकडून यूएस ९५ ने उत्तरेला येताना सीमा दलाची चौकी लागते. ग्रीन कार्डधारकांनी मूळ कार्ड जवळ बाळगणं कायद्यानंच बंधनकारक आहे, फोनमधला फोटो चालत नाही. माझ्याशी तिथे कुणी उद्धट वागलं नाही, पण एकटी सावळी बाई गाडीत राहते म्हटल्यावर दोन प्रश्न जास्त येतात. शांतपणे उत्तरं द्यावीत.

अमेरिकेतल्या मराठी घरांना कॅम्पिंग नवं नाही. लाँग वीकेंडला स्टेट पार्कात ग्रुप साइट घ्यायची, दहा-बारा कुटुंबं, पावभाजीचा मोठा तवा, रात्री गाणी आणि भेंड्या. मी हे वर्षानुवर्षं केलंय आणि मला ते अतिशय आवडतं. पण त्यात आपण आपलं गाव उचलून जंगलात नेतो, जंगलाशी आपली गाठ पडत नाही. माझ्या ओळखीतल्या बायका म्हणतात, “तुला भीती नाही वाटत?” वाटते. वारा सुटलेल्या रात्री हमखास वाटते. पण मेळाव्यात ऐकलेल्या गोष्टींमुळे आता ती नेमकी कशाची ते कळतं. कायोटी म्हणजे तिथल्या रानकोल्ह्यांच्या ओरडण्यानं माझी झोप मोडत नाही, रात्री अकराला कच्च्या रस्त्यावर दिसलेल्या हेडलाइटनं मोडते. मग मी चावी हातात घेते आणि गाडी पुढे निघून जाईपर्यंत जागी राहते.

एप्रिलनंतर क्वार्ट्झसाइट सोडावंच लागतं, पारा चाळिशीकडे जातो. बहुतेक जण उंचावर सरकतात. मी सुमारे ७,००० फुटांवरच्या फ्लॅगस्टाफजवळच्या कोकोनिनो जंगलात गेले. पाँडेरोसा पाइनच्या सावलीत दिवस छान, पण मे-जूनमध्ये वणव्याच्या भीतीनं शेकोटीवर बंदी येते आणि काही भाग मुक्कामाला पूर्ण बंद होतात. निघण्याच्या दिवशी वनखात्याची सूचना वाचावी. जंगलात झाडांमुळे शेजारची गाडी दिसत नाही, त्यामुळे आमची रुमालाची पद्धत तिथे चालली नाही. सकाळी एक संदेश पाठवायचा, असं ठरवलं.

पुण्या-नाशिकहून येणाऱ्यांना भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन हे महिनाभर करून बघता येईल. करारात कच्च्या रस्त्याला मनाई आहे का ते आधी वाचा, बऱ्याच कंपन्यांत असते, आणि मग कोफाचा रस्ता बाद होतो. तसं असेल तर डांबरी रस्त्यालगतच्या ला पोसा या दीर्घ मुक्कामाच्या जागेत १४ दिवसांचा पास घ्या. गाडीत संडास नसेल तर तिथल्या सरकारी संडासापासून ५०० फुटांच्या आतच राहायची मुभा आहे. पाणी भरायची आणि सांडपाणी टाकायची सोय ला पोसा साउथला आहे. जानेवारीत तिथे रांग लागते, टाकी अर्धी उरली असतानाच जा.