गल्ल्यावरचा फोन की क्लाउडवरचा नंबर?

गेल्या महिन्यात शेजारचे टायरवाले काका दुकानात येऊन बसले. त्यांच्याकडे एक चुणचुणीत पोरगा माहिती देऊन गेला होता. दुकानाचा एकच नंबर, कुणीही लावला तर चारही पोरांच्या मोबाइलवर वाजणार, सगळं बोलणं रेकॉर्ड होणार, वर "मराठीसाठी एक दाबा" म्हणणारी बाईसुद्धा मिळणार. याला क्लाउडचा नंबर म्हणतात. काका म्हणाले, "तू वापरलंयस म्हणं. घेऊ का?" चहा झाला, मग दुसरा झाला, तरी बोलणं संपेना. तेच इथे लिहून काढतोय, कारण हा प्रश्न विचारणारे काका काही पहिले नाहीत.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं अर्धवट वाटेल. सांगली जिल्ह्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, वायंडिंग, स्टार्टर, पॅनेल. माझ्यासकट सहा माणसं. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं शेतकरी. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसपाळीने तर कधी रातपाळीने येते, त्यामुळे मोटार जळायला वेळकाळ नाही आणि फोन यायलाही नाही. पहाटे साडेपाचला रिंग वाजली की समजायचं, कुणाचा तरी ऊस वाळायला लागलाय.

२००९ पासून दुकानाचा एकच मोबाइल नंबर आहे. २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आली, तेव्हापासून तीन कंपन्या बदलल्या, नंबर तोच राहिला. गल्ल्यावर एक हँडसेट पडलेला असतो, जवळ असेल तो उचलतो. ही आमची जुनी व्यवस्था. तिचा दोष उघड आहे: एक फोन, एक कान. एकाशी बोलणं चालू असताना दुसऱ्याला बिझी लागतो आणि तो सरळ बाजारपेठेतल्या दुसऱ्या दुकानाला लावतो. त्यात कधी पोरगा जेवायला जाताना फोन खिशात घालून जातो, कधी चार्जर सापडत नाही. म्हणून २०२३ मध्ये मीही क्लाउडचा नंबर घेतला. चौदा महिने नेटाने चालवला, तेव्हा जे सांगतोय ते ऐकीव नाही.

क्लाउडवाल्यांचं कौतुक आधी करतो, कारण ते त्यांचं देणं लागतो. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या पडद्यावर यादी दिसली: किती कॉल आले, किती उचलले, किती हुकले. आम्ही समजत होतो दिवसाला दोन-तीन हुकत असतील. त्या आठवड्यात चाळीसच्या वर हुकले होते, आणि निम्म्याहून जास्त सकाळी सहा ते आठमधले. म्हणजे हुकणाऱ्यांतलं निम्मं गिऱ्हाईक दुकान उघडायच्या आधीच दुसरीकडे जात होतं. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. दुसरं, रेकॉर्डिंग. "मी पाच एचपी म्हणालो होतो, तुम्ही साडेसातची आणली" या वादाला एक काळ आमच्याकडे तोड नव्हती. रेकॉर्डिंग लावून दाखवलं की विषय संपतो. (एकदा चूक आमचीच निघाली, तेही कबूल केलं पाहिजे.) तिसरं, पोरांचे स्वतःचे नंबर गिऱ्हाइकाला कळत नाहीत. एखादा काम सोडून गेला तर जाताना ओळखीही घेऊन जात नाही. ज्यांच्याकडे माणसं सारखी बदलतात, त्यांनी हा मुद्दा माझ्यापेक्षा जास्त गंभीरपणे घ्यावा.

"एक दाबा, दोन दाबा" मात्र आमच्याकडे चाललं नाही. विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस, एका हातात पाना, दुसऱ्या हातात साधा फोन, त्याला सर्व्हिससाठी एक आणि विक्रीसाठी दोन कशाला सांगायचं? तो बाईचा आवाज ऐकून ठेवूनच देतो. आठ दिवसांत आम्ही ती बाई काढून टाकली. हा काही क्लाउडचा दोष नाही म्हणा, बंद करता येतं. गंमत पुढे झाली. पुन्हा बाई लावून बघत होतो त्याच दिवशी त्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करायला बसलो. पडताळणीचा आकडा फोनवरून सांगणारा कॉल आला, तो उचलला आमच्याच बाईने, आणि ती त्याला म्हणाली, मराठीसाठी एक दाबा. दोन यंत्रं एकमेकांशी बोलत बसली. चार वेळा झालं तेव्हा ट्यूब पेटली. मेनू काढला आणि मग आकडा मिळाला.

आवाजाचंही थोडं सांगतो. क्लाउडमधून येणारा कॉल म्हणजे खरं तर दोन कॉल जोडलेले असतात. गिऱ्हाइकाचा त्यांच्या यंत्रणेपर्यंत एक, तिथून आपल्या मोबाइलपर्यंत दुसरा. पुण्या-मुंबईत जाणवणार नाही कदाचित. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि त्याच्या उसाच्या फडात मिळून दोन्हीकडे रेंज काठावर, त्यात ही जोडणी. "हॅलो" म्हटलं की क्षणभर शांतता, मग दोघंही एकदम "हॅलो". सवय होते, नाही असं नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी माघारी आलो. आमच्याकडे शेतकरी फोन करत नाही, मिस्ड कॉल देतो. आता पॅकमध्ये बोलणं फुकट आहे, जिओ येऊनही बरीच वर्षं झाली, तरी हात त्याच वळणाचा. त्यात मोबाइलवरून मोटार चालू करायची सोय आली आणि सवय आणखी पक्की झाली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या नॅनो गणेशपासून शेतातल्या स्टार्टरला फोन लावून मोटार सुरू करणं गावोगाव माहीत आहे. मोटारीला रिंग द्यायची, मोटार दुरुस्त करणाऱ्यालाही रिंग द्यायची, इतकं साधं. तेव्हा आमचा निम्मा धंदा उलट फोन करण्यावर चालतो.

आणि क्लाउडवरून उलट फोन केला की समोरच्याला आमचा नंबर दिसायचाच नाही. त्याने लावला होता एका नंबरला, फोन यायचा दुसऱ्याच नंबरवरून, तोही शहराच्या एसटीडी कोडने सुरू होणारा लँडलाइनसारखा. मी विचारलं तर उत्तर मिळालं की बाहेर जाणारे कॉल वेगळ्या नंबरांवरून जातात, माझ्या प्लॅनमध्ये असंच आहे. बरं, लोकांनी काय करावं? जाहिरातवाल्यांसाठी १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका आहे, बँकांसारख्यांच्या कॉलसाठी १६०० ची आहे, तरी कर्ज आणि प्लॉट विकणारे साध्या नंबरावरून फोन करतातच. अनोळखी लँडलाइन दिसली की आमच्या भागात कुणी उचलत नाही, आणि उचललाच तर पहिलं वाक्य ठरलेलं.

"नको, नको. कर्ज नको आपल्याला."

"अहो मामा, मोटारीच्या दुकानातून बोलतोय. तुमचा मिस्ड कॉल होता."

"मोटार? गाडी घ्यायची न्हाई आम्हाला."

आणि कट. तोच माणूस अर्ध्या तासाने माझ्या घरच्या नंबरवर फोन करून ओरडायचा, "आवं, सकाळपास्नं रिंगा देतोय, एक फोन करायला हुत न्हाई व्हय?" आम्ही तीनदा केलेला असायचा. सहा महिन्यांनी, फोन कुणाचा ते दाखवणाऱ्या एका ॲपवर त्या बाहेरच्या नंबरासमोर कुणीतरी नकोसा फोन म्हणून लाल शेरा मारून ठेवलेला दिसला. मग पोरं क्लाउडचं बटण टाळून स्वतःच्या मोबाइलवरून फोन करायला लागली, आणि रेकॉर्डिंग, यादी, नंबर लपवणं हे सगळे फायदे एका झटक्यात गेले. पैसे मात्र दर महिन्याला जात होते. एवढ्या एका गोष्टीपायी एवढी मोठी व्यवस्था सोडायची का, असं कुणी म्हणेल. माझ्या धंद्यात ती एक गोष्ट म्हणजेच धंदा होती. काही कंपन्या एकाच नंबरावरून येणं-जाणं दोन्ही देतात असं आता दिसतंय. घेणार असाल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा, आणि त्यांच्या माणसाला तुमच्यासमोर स्वतःच्या मोबाइलवर लावून दाखवायला सांगा.

परत आल्यावर जुना हँडसेट तसाच ठेवला नाही, क्लाउडने शिकवलेलं वाया घालवलं नाही. फोनच्या सेटिंगमध्ये कॉल वळवायची सोय असते, ती आपण कुणी बघतच नाही. आता दुकानाचा फोन बिझी असला तर कॉल थोरल्या पोराच्या मोबाइलवर जातो, पंधरा सेकंदांत कुणी उचलला नाही तर माझ्या. एक खोच आहे: कॉल वेटिंग बंद ठेवावं लागतं, नाहीतर दुसरा कॉल नुसता वाट बघत राहतो आणि बिझीवाला नियम लागूच होत नाही. माझ्या पॅकमध्ये वळवलेल्या कॉलचे वेगळे पैसे पडले नाहीत, तुमचं तुम्ही बघून घ्या. आणि हे काम सेटिंगमधून स्वतः करा, फोनवर कुणी सांगितलेला कोड दाबून नको. स्टार ४०१ हॅशवाली वळवायची पद्धत १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला दूरसंचार विभागाने लावलं ते याचसाठी. ठग लोक तोच कोड दाबायला लावून माणसाचे कॉल ओटीपीसकट आपल्याकडे वळवून घ्यायचे.

सकाळी सहा ते आठ दुकानाचा फोन मी घरी नेतो. झोप गेली, पण ते चाळीस हुकलेले कॉल आता दहाच्या आत आहेत. अंदाजाने सांगतोय, मोजायला आता ती यादी नाही, आणि तिची आठवण येते हेही खरं.

व्हॉट्सॲप बिझनेस त्याच नंबरावर, त्याच हँडसेटमध्ये. चार उपकरणं आणखी जोडता येतात, आम्ही दोनच जोडलीत: वर्कशॉपचा कॉम्प्युटर आणि टेम्पोतला टॅब. हँडसेटवरचं व्हॉट्सॲप चौदा दिवस उघडलंच नाही तर जोडलेली उपकरणं बाहेर पडतात, पण गल्ल्यावरचा फोन चौदा मिनिटं शांत नसतो. लोक मोटारीच्या पाटीचा फोटो पाठवतात: किती एचपी, किती स्टेज, कुठला मेक. त्यावरून पोरगा निघतानाच योग्य केबल आणि कपॅसिटर टेम्पोत टाकतो. एक फेरी वाचते, आणि माझ्या हिशेबाने हँडसेटचा वर्षाचा रिचार्ज अशा दोन-तीन फेऱ्यांत निघतो. एकाच वेळी सगळ्यांना मेसेज टाकायचा तर यादीत २५६ जणच मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो जातो. मला तेवढं पुरतं. मोठ्या दुकानांना व्हॉट्सॲपची मोठी, एपीआयवाली (म्हणजे दुकानाच्या सॉफ्टवेअरला जोडलेली) व्यवस्था लागते. तिथे गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजनंतर चोवीस तास मोकळेपणी बोलता येतं, नंतर आधी मंजूर करून घेतलेलाच मजकूर पाठवायचा, आणि जुलै २०२५ पासून त्याचे पैसे मेसेजमागे लागतात. मोटार जळलेल्या माणसाला मंजूर मजकूर पाठवून काय करू?

काकांना मी हेही सांगितलं की त्यांच्याकडे पंधरा माणसं असती, तीन शाखा असत्या, किंवा दवाखान्यासारखं नंबर लावायचं काम असतं, तर बहुधा मी उलटं बोललो असतो. तिथे कोण कधी काय बोललं याची नोंद ही चैन नाही, गरज आहे. क्लासवाले, कुरियरवाले, पॅथॉलॉजी लॅब यांनी क्लाउडच बघावा. पण टायरच्या दुकानात चार पोरं आणि रस्त्यात पंक्चर होऊन उभं असलेलं गिऱ्हाईक, ते तर माझ्यासारखंच.

एक मात्र दोन्हीकडे लागू. नंबर कुणाच्या नावावर आहे ते आज बघा. माझ्या ओळखीच्या एका दुकानाचं सिम दहा वर्षांपूर्वी कामगाराच्या कागदपत्रांवर घेतलं होतं. कामगार भांडून गेला आणि नंबरही गेला. क्लाउडच्या नंबराची अडचण वेगळी. मोबाइल नंबर घेऊन तुम्ही कंपनी बदलू शकता, पण लँडलाइनच्या मालिकेतला नंबर तसा नेता येत नाही. कंपनी सोडली की नंबर सोडला.

हे मला करार बंद करायला फोन केला तेव्हा लख्ख कळलं. तोवर मी तो क्लाउडचा नंबर दिवाळीच्या कॅलेंडरांवर छापला होता, टेम्पोच्या दोन्ही बाजूंना रंगवला होता, आणि रस्त्याकडेच्या अकरा विहिरींच्या भिंतींवर लिहून घेतला होता. कॅलेंडर वर्षाने जातं, टेम्पो रंगवून झाला. भिंती राहिल्यात. म्हणून सगळ्यात लहान प्लॅनवर तो नंबर अजून चालू आहे, आलेला कॉल गल्ल्यावरच्या फोनकडे वळवलेला. पेंटरला दोनदा निरोप दिलाय. तो म्हणतो, ऊस तुटू दे, मग भिंत दिसेल.