पासवर छापलं होतं : रात्री १२.३०

फुटबॉलच्या फायनलचे खोटे पास घेऊन मी फसलो, एकूण ११,९९४ रुपयांना. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ओळखीतला प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो आणि मग "एवढंच ना?" म्हणतो. हो, एवढंच. चार पास, प्रत्येकी १,४९९, म्हणजे ५,९९६. टेबलाचं डिपॉझिट, 'मॅच संपल्यावर परत', २,०००. आणि १,९९९ दोनदा. ते कसे गेले हे लिहायची लाज वाटते, तरी लिहिणार आहे.

१८ डिसेंबर २०२२, रविवार. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, वर्ल्ड कपची फायनल. कोल्हापूरच्या माणसाला फायनल बघायला मुंबईला जायची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या पेठेत मेस्सीचा कटआउट दोन मजले उंच, चौकात पडदा, सगळं फुकट. पण दोन्ही भाचे पेटले होते, एकदा मुंबईच्या गर्दीत, मोठ्या एलईडीवर बघायचंच. त्यात दाजी येतो म्हणाले. दाजी कधी कुठं येत नाहीत. मग मी मोठेपणा केला. गाडी माझी, पासही माझ्याकडून.

जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसली, तिथून व्हॉट्सअॅप ग्रुप. अंधेरी पश्चिमेला टेरेसवर स्क्रीनिंग, ढोल, जेवण. पुढचं तुम्हाला पाठ असेल. 'फक्त ११ पास शिल्लक', दर दोन मिनिटांनी कुणीतरी 'पेड' टाकतंय, खाली टाळ्या. ते टाळ्या वाजवणारे सगळे एकाच घरचे असणार, पण हे आत्ता कळतं. क्यूआर स्कॅन केला तर वर नाव आलं कुठल्याशा किराणा स्टोअर्सचं. टेरेसवरच्या पार्टीचे पैसे किराणा दुकानाला? मनात आलं, आणि गेलं. पैसे सोडण्याआधी वरचं नाव वाचा. एवढ्यासाठीच ते दाखवतात.

पण ते सोडा. खरा मुद्दा पासचा आहे.

शनिवारी रात्री पास आला. मी छापखाना चालवतो. लग्नपत्रिका, उद्घाटनाची कार्डं, शाहू स्टेडियमवरच्या स्पर्धांची पत्रकं. वेलांटी चुकली की मला लांबून दिसते. 'चि. सौ. कां.' मधला टिंब राहिला म्हणून मी तयार गठ्ठे परत कापलेत. तर पास उघडला. निळी-पांढरी पट्टी, कप, खाली चार ओळी, तिसऱ्या ओळीत 'किक-ऑफ : रात्री १२.३०'.

धाकटा भाचा मागून बघत होता. म्हणाला, "मामा, साडेबारा कसं? फायनल साडेआठला हाय की."

आणि मी त्याला काय सांगावं? "अरे, पार्टी साडेबारापर्यंत असेल, छापताना घोळ झाला असेल." म्हणजे चोराला जे उत्तर द्यावं लागलं असतं ते मीच तयार करून दिलं. साडेबाराला मॅच होती ती सेमीफायनल. त्यांनी सेमीफायनलला लोक फसवले आणि फायनलला तोच पास तारीख बदलून पुन्हा पाठवला. वेळ बदलायची राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांची प्रुफं तपासणाऱ्या माणसापुढं चूक ठेवली होती आणि त्यानं ती 'असेल' म्हणून पास केली. पैशापेक्षा हे जास्त झोंबतं.

पहाटे पाचला निघालो. एक्स्प्रेसवेला २७० टोल, वाशीला ४०. फॅशन स्ट्रीटवर भाच्यांना जर्सी घेतल्या. कूपरेजपुढं गाडी हळू केली, कारण तिथं व्हायच्या त्या रोव्हर्स कप फुटबॉल स्पर्धेच्या गोष्टी ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो आणि दाजींना ते मैदान बाहेरून तरी बघायचं होतं. दिवस इतका छान गेला की अजून राग येतो.

पावणेआठला पत्त्यावर. खाली टायरचं दुकान, बंद. वर टेरेस होतं, त्यावर पाण्याच्या टाक्या. आमच्यासारखेच दहा-बारा जण जर्सी घालून मान वर करून उभे. वॉचमननं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "सेमीफायनल के दिन भी आये थे लोग."

ग्रुपच्या अॅडमिनला फोन लावला, आणि त्यानं उचलला! स्वच्छ मराठी, वाक्यावाक्याला दादा. "दादा, परवानगी रद्द झाली, सगळ्यांना रिफंड देतोय, तुम्हाला रिक्वेस्ट पाठवलीय, अॅक्सेप्ट करा." भोवती गोंगाट, भाचे रडवेले, दाजी गप्प. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुकानातल्या पोराला मीच शिकवलंय. तरी पिन टाकला. रिक्वेस्ट पैसे द्यायची नव्हे, मागायची होती. १,९९९ गेले. "फेल दाखवतंय दादा, परत पाठवतो." परत टाकला. कुणी हसलं तर हसा. त्या घाईत उभे राहून बघा मग. दहा मिनिटांत ग्रुप गायब. स्क्रीनशॉट आधी काढा, शिव्या नंतर द्या.

१९३० हा ऑनलाइन फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. आधी तो लावायचा, चौकीत मग जायचं. मी उलट केलं. नंतर लावला तेव्हा सहाव्यांदा लागला, बारा आकडी व्यवहार क्रमांक मागितला, तो शोधेपर्यंत कट.

पोलीस ठाण्यात ड्यूटीवरचे साहेब टेबलावर मोबाइल उभा करून मॅच बघत होते. अर्जेंटिना दोन-शून्य. "कुठले तुम्ही? कोल्हापूर? खातं कुठलं? कोल्हापूरचं ना? मग तिथं तक्रार द्या." मी म्हटलं, बोलावलं इथं, फसवलं इथं, शेवटचे दोन व्यवहार तुमच्या हद्दीत उभं राहून झालेत. "ऑनलाइनला हद्द नसते." मग कोल्हापूरला कशाला पाठवताय? यावर उत्तर नाही. एफआयआर शून्य क्रमांकानं कुठल्याही ठाण्यात घेता येतो, हे मी म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. तेवढ्यात फ्रान्सच्या एम्बाप्पेची पेनल्टी, आणि माझं नाव लिहून होईतो दुसरा गोल. दोन-दोन. पेन खाली. एक्स्ट्रा टाइमपर्यंत माझ्या अर्जाला कुणी हात लावला नाही. शेवटी शिक्का मारून जो कागद दिला त्यावर लिहिलं होतं, 'अर्जदाराचे फुटबॉल सामन्याचे पास गहाळ झाले.' गहाळ! दुरुस्त करा म्हटलं तर "सोमवारी या." कागद हातात घेतल्यावर तिथंच उभं राहून वाचा. बाहेर जाऊन वाचू नका.

कोल्हापुरात पोलिसांनी सांगितलं, घटना मुंबईची आहे. बँकेनं सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, आमच्याकडून अनधिकृत काही झालेलं नाही. मॅनेजर वर म्हणतो, "सर, एवढी जागृती करतोय आम्ही." दारावर पोस्टर आहे त्यांचं. छपाई सुमार आहे, तेही सांगून आलो.

पेनल्टी शूटआउट आम्ही एका सँडविचवाल्याकडं पाहिला. त्याचा मोबाइल चटणीच्या डब्याला टेकवलेला, फुकटच्या अॅपवर मॅच, भोवती वीस-पंचवीस माणसं, प्रत्येक किकला आवाज आधी पलीकडच्या बिल्डिंगमधून यायचा आणि चित्र मागून. अर्जेंटिनाच्या मॉन्टिएलनं शेवटची मारली, चार-दोन. रिक्षावाल्यांनी हॉर्न दाबून धरले, कुणीतरी अनोळखी माणसानं दाजींना उचललं. दाजींना! खर्च चार सँडविचचा. पैसे दाजींनी दिले, मला देऊ दिले नाहीत, आणि परतीच्या वाटेवर तळेगाव येईपर्यंत एकही शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परवा पोलीस ठाण्यातून फोन आला, मूळ पास घेऊन जबाबाला या. म्हटलं, पास मोबाइलवरच आला होता. "मग प्रिंट आणा, रंगीत."

माझ्याच मशीनवर काढली, चांगल्या आर्ट पेपरवर. साडेबारा अगदी स्वच्छ उठलंय.