कॉलसाठी माईक घ्यायचा की हेडसेट? आधी डोक्यावरचा पंखा ऐका

मी दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीतल्या चार पोरांना मराठी शिकवते, तिकडे उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. आणि इकडे डोंबिवलीत साडेसात म्हणजे शेजारच्या दोन घरांत कुकर लागलेला, खाली रिक्षांचे हॉर्न, डोक्यावर पंखा. एकदा मी 'जग' शिकवत होते. जग म्हणजे दुनिया, त्यातला ज वेगळा, आणि 'जगा आणि जगू द्या' मधला ज वेगळा, जिभेचं टोक दाताशी नेऊन बोलायचा. मी चार वेळा तोंड वेडंवाकडं करून दाखवलं आणि एक पोरगी शांतपणे म्हणाली, ताई, तू दोन्ही वेळा सेमच बोलतेयस. मला वाटलं हिचे कान तिकडचे झाले. मग तिच्या बाबांनी कॉलचं रेकॉर्डिंग पाठवलं, ऐकते तर खरंच सेम! माझ्या कानात ब्लूटूथचे बड्स होते, त्यावर गाणी एकदम झकास वाजायची, त्यामुळे माईकवर कधी शंकाच आली नाही.

गंमत तीच आहे ना, हेडफोन वाईट असेल तर आपल्याला लगेच कळतं, माईक वाईट असेल तर तो फक्त समोरच्याला कळतो आणि समोरचा सभ्य असेल तर सांगत नाही. म्हणून दुकानात कानाला लावून 'वा, काय बेस आहे' म्हणत कॉलचा हेडसेट घेऊ नका.

ब्लूटूथचं नेमकं काय होतं ते सांगते कारण बहुतेक जण इथेच फसतात. गाणी ऐकताना बड्स एका मोडमध्ये असतात, आवाज फक्त तुमच्याकडे येतो आणि क्वालिटी चांगली मिळते. माईक चालू झाला की साधारणपणे ते हॅण्ड्सफ्री मोडमध्ये जातात, आणि त्यातल्या जुन्या पद्धतीत आवाज सेकंदाला फक्त ८००० वेळा मोजला जातो, म्हणजे त्याच्या निम्म्या, ४००० हर्ट्झच्या वरचं, बारीक आवाजातलं काहीच जात नाही. साध्या टेलिफोनचा पट्टा तर ३०० ते ३४०० एवढाच असायचा. आता 'स' ची सगळी सळसळ वरच्या भागात असते, दाताशी बोलायच्या च-ज ची पण. ती कापली गेली की चमच्यातला च आणि चंद्रातला च यातला फरक ऐकायला येणार कुठून? नवीन पद्धतीत १६००० वेळा मोजतात, ती बरीच बरी, पण तुमच्या लॅपटॉप आणि बड्सच्या जोडीला त्यातली कुठली मिळेल ते डब्यावरून कळत नाही. २०२० मध्ये ब्लूटूथचीच एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत जाहीर झाली, त्यात हा प्रॉब्लेम बराच सुटतो, फक्त दोन्हीकडे सपोर्ट पाहिजे.

बड्स आधीच घेऊन ठेवले असतील तर एक फुकटचा उपाय. कॉलच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून बड्स ठेवा आणि माईक म्हणून लॅपटॉपचा निवडा. शांत खोलीत हे छान चालतं, ऐकू येणारा आवाज पण लगेच सुधारतो. माझ्याकडे नाही चाललं, कारण पंखा.

पंख्याचा हिशोब असा. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. लॅपटॉपचा माईक तोंडापासून ६० सेंटीमीटरवर आणि हेडसेटच्या दांडीचा माईक ३ सेंटीमीटरवर धरला तर हिशोबाने २६ डेसिबलचा फरक पडतो, आणि पंखा मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढाच ऐकू येतो. म्हणजे पाच रुपयांचा माईक तोंडाजवळ आणि पाच हजारांचा टेबलाच्या टोकाला असेल तर कॉलवर पाच रुपयेवालाच जिंकतो (बरं, पाच रुपयांचा नाही, पण मुद्दा कळला असेल).

म्हणूनच टेबलावर उभा राहणारा मोठा यूएसबी कंडेन्सर माईक, जो युट्यूबवाल्यांच्या समोर दिसतो, तो मी कॉलसाठी सहसा कुणाला सुचवत नाही. आवाज सुंदर येतो, नाही म्हणत नाही. पण तो नाजूक कानाचा असतो, कुकरची तिसरी शिट्टी, कीबोर्डची टकटक, टेबलावर ठेवलेला कप, भिंतीवरून परत येणारा आवाज, सगळं मनापासून ऐकतो. बंद खोली, पडदे, गादी असेल तर घ्या. घेतलात तर वितभर अंतरावरून बोला आणि कुठल्या बाजूने बोलायचं ते बघून घ्या, ब्लू यती सारखे माईक समोरच्या बाजूने ऐकतात पण लोक आईस्क्रीमचा कोन धरल्यासारखं त्याच्या टोकात बोलत बसतात. आणि स्पीकरवर आवाज ठेवून हा माईक वापरला तर समोरच्याचा आवाज त्याच्याकडेच परत जायची भीती. ॲप तो इको कापतं, पण दोघं एकदम बोलले की शब्द पण कापले जातात. म्हणजे कानात काहीतरी घालायचं आहेच, मग सुटसुटीतपणा राहिला कुठे?

टेबलावरचाच माईक हवा असेल तर सॅमसन क्यू२यू सारखा डायनॅमिक बघा, जवळून बोलावं लागतं पण लांबचं फारसं घेत नाही.

वायरवाले साधे इअरफोन, मोबाईलबरोबर पूर्वी फुकट मिळायचे तसले, यांना लोक उगाच हसतात. माईक गळ्याजवळ लटकतो, चार्जिंगची कटकट नाही, ब्लूटूथचं लफडं नाही. फक्त कुर्त्यावर, ओढणीवर, मंगळसूत्रावर माईक घासला की समोरच्याला खरखर ऐकू येते, तेवढं जपायचं. आणि पिन बघून घ्या. माईकवाल्या साडेतीन एमएमच्या पिनेवर तीन रेघा असतात, ती जुन्या डेस्कटॉपच्या हिरव्या-गुलाबी भोकात घातली तर नुसतं ऐकू येतं किंवा नुसती खरखर, त्याला दोन शेपट्यांचा स्प्लिटर लागतो. मोबाईलला भोकच नसेल तर टाईप सी वाले इअरफोन घ्या.

कॉलर माईक, म्हणजे बोया बीवाय-एम१ वगैरे, उभं राहून फळ्यावर शिकवणाऱ्यांसाठी भारी, ६ मीटरची वायर येते. पण तो चारी बाजूंचं ऐकतो, त्यामुळे पंखा थोडा येणारच, आणि त्यावरचा स्विच मोबाईलवर आहे की कॅमेऱ्यावर ते कॉलच्या आधी बघा. मी एकदा न बघता वीस मिनिटं शिकवलं होतं, पोरं आपली गोड हसत होती.

मी शेवटी घेतला यूएसबीचा दांडीवाला हेडसेट. लॉजिटेकचा एच३९० किंवा जॅब्राच्या इव्हॉल्व्ह मधले वायरवाले, या जातीचा. यूएसबी असल्यामुळे साउंड कार्ड त्याच्या त्याच्यातच असतं, म्हणून लॅपटॉपच्या जॅकमधून येणारी घूं घूं नाही. दिसायला कॉल सेंटर. कान गरम होतात, एप्रिलमध्ये तासाभराने काढून फेकावासा वाटतो, केसांचं तर विचारूच नका. पण ज आणि ज वेगळे ऐकू आले आणि ती पोरगी म्हणाली, अच्छा, असं होय! दांडी तोंडाच्या बरोब्बर समोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतर ठेवून, नाहीतर प-फ-भ ला फटाके फुटतात.

डब्यावर 'नॉइज कॅन्सलेशन' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. एएनसी म्हणजे तुमच्या कानाला बाहेरचा गोंगाट कमी ऐकू येणार, समोरच्याला त्याचा काही उपयोग नाही. ईएनसी लिहिलं असेल तर ते माईकसाठी. आणि झूम, मीट मध्ये पण आवाज गाळायची सोय आहेच, ती पंखा छान गाळते, पण शिकवताना टाळी किंवा टाळ वाजवलात तर तेही गोंगाट समजून गिळते, माझी बडबडगीतं अशीच अर्धी गेली. गाण्याचा क्लास घेत असाल तर ती बंद करा आणि झूममधला ओरिजिनल साउंड लावा, म्हणजे आवाज न गाळता जातो.

आईसाठी मात्र मी काही घेतलं नाही. ती मोबाईल तोंडासमोर पोह्यांच्या बशीसारखा आडवा धरून ओरडते आणि बहिणीला जर्मनीत सगळं स्पष्ट ऐकू जातं, माईकपासून अंतर चार बोटं, तिचं गणित आधीच बरोबर आहे.

घ्यायच्या आधी एक करा. नेहमीच्या खोलीत, नेहमीच्या वेळेला, पंखा चालू ठेवून, आत्ता जे आहे त्यावरूनच कुणाला तरी कॉल लावा, तिकडून रेकॉर्ड करायला सांगा, आणि म्हणा: साल, शाल, फळ, चमचा, चंद्र. मग ते डोळे मिटून ऐका. शब्द ओळखू येत असतील तर पैसे वाचले, पंखाच जास्त ऐकू येत असेल तर दांडीवाला घ्या, आणि पंखा नाही पण स आणि श मधलं काही कळत नसेल तर बड्स गाण्यांना ठेवा आणि कॉलला वायर लावा.