पहिल्या कादंबरीला विक्रेत्याचा हात

लंडनमध्ये पुस्तकं घ्यायची तर कुठे जावं, असं भारतातून येणारे पाहुणे विचारतात. मी त्यांना गावर स्ट्रीटवरच्या वॉटरस्टोन्समध्ये पाठवते आणि सांगते, आत गेल्यावर आधी नव्या कादंबऱ्यांचं टेबल बघा. मी जवळच्याच एका इस्पितळात औषधविभागात काम करते. ड्यूटी संपली की युस्टन स्क्वेअर स्टेशनला जाण्याआधी या दुकानात डोकावायचं, हे आता अंगवळणी पडलंय. दुकान जुनं आहे. युना डिलन या बाईंनी १९३६ मध्ये इथून जवळच पुस्तकांचं दुकान काढलं, तेच पुढे या इमारतीत आलं, वाढलं आणि नंतर वॉटरस्टोन्सच्या साखळीत गेलं. जुनी मंडळी अजून त्याला डिलन्सच म्हणतात. दुकानाची वाहवा करायला एवढंही पुरे आहे, पण मला लिहायचंय ते तिथल्या एका गोष्टीबद्दल: कुणाचीही पहिलीवहिली कादंबरी तिथले विक्रेते ज्या पोटतिडकीने गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात, त्याबद्दल.

टेबलावरच्या बऱ्याच पुस्तकांखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी असते. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढलेला नसतो. त्या दुकानातल्या कुणीतरी ते पुस्तक वाचलेलं असतं आणि आपल्याला काय भावलं ते चार-पाच ओळींत लिहिलेलं असतं, खाली नाव. शाई कधी निळी, कधी हिरवी, अक्षर कधी अगदी गिचमिड. मी अक्षरं ओळखायला लागले आहे. एकाची आवड माझ्याशी जुळते, त्याची चिठ्ठी दिसली की मी पुस्तक उचलते. दुसऱ्या एकीला भयकथा फार प्रिय, तिची चिठ्ठी दिसली की मी पुढे सरकते. शिफारस कामाची ठरते ती अशी, माणूस माहीत झाल्यावर.

याच सवयीतून वॉटरस्टोन्सने २०२२ पासून पहिल्या कादंबरीसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. रक्कम ५,००० पौंड. इंग्लंडातल्या मोठ्या पुरस्कारांच्या मानाने ती फार नाही. पण इथे मतं देतात ते दुकानादुकानांतले विक्रेते. त्यांच्या मतांतून सहा पुस्तकांची यादी होते, मग त्यातलं एक निवडलं जातं. प्राध्यापक आणि समीक्षकांच्या समितीपेक्षा मला ही पद्धत जास्त पटते. समीक्षक पुस्तक वाचतो, लिहितो आणि मोकळा होतो. विक्रेत्याला तेच पुस्तक दुसऱ्या दिवशी समोरच्या माणसाला द्यायचं असतं, आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात परत येऊन आवडलं की नाही ते तोंडावर सांगणार असतो.

त्यांची निवड कशी आहे? माझ्या मते धाडसी आहे. पहिल्याच वर्षी त्यांनी टेस गंटी या अमेरिकन लेखिकेची ‘द रॅबिट हच’ निवडली. इंडियानातल्या एका कल्पित, उद्योग बुडालेल्या गावातल्या स्वस्त भाड्याच्या इमारतीतली माणसं, आणि मध्ययुगीन संत स्त्रियांच्या ध्यासाने झपाटलेली एक मुलगी. वाचायला सोपं पुस्तक नाही. अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड तिला मिळाला तो त्यानंतर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. म्हणजे दुकानातल्या माणसांनी ते आधी हेरलं होतं. २०२३ मध्ये अ‍ॅलिस विनची ‘इन मेमोरियम’, पहिल्या महायुद्धात शाळेतून थेट खंदकात गेलेल्या दोन मुलांच्या प्रेमाची. तिच्यात शाळेच्या वर्तमानपत्रातल्या मृतांच्या याद्या येतात, आणि त्या पानांवर मी प्रत्येक वेळी थांबले.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती २०२४ ची, आयर्लंडच्या फर्डिया लेननची ‘ग्लोरियस एक्स्प्लॉइट्स’. ती माझ्या हातात कशी आली ते सांगते. मी नाशिकची. कालिदास कलामंदिरात राज्य नाट्यस्पर्धेची नाटकं बघत वाढले, बाबा हौशी संस्थेत प्रकाशयोजना करायचे. काउंटरवरच्या मुलीने मला शेवटचं आवडलेलं काय, असं विचारलं, तेव्हा कादंबरीचं नाव पटकन सुचेना, म्हणून मी तिला हौशी नाटकवाल्यांबद्दल सांगत बसले. रंगीत तालमीला तुटलेली पट्टी, उसने आणलेले शालू, पैसे नसताना उभा राहिलेला सेट. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, काउंटरमागून बाहेर आली आणि हे पुस्तक काढून दिलं. ग्रीक इतिहास मला येत नाही म्हटलं, तर त्याची काही गरज नाही म्हणाली.

गोष्ट इ.स.पू. ४१२ ची, सिसिलीतल्या सिराक्यूज शहरातली. अथेन्सची स्वारी साफ फसली आहे आणि पकडलेले सैनिक दगडाच्या खाणींत उपाशी मरताहेत. गावातले दोन बेकार कुंभार, लॅम्पो आणि गेलॉन, खाणीत उतरतात आणि अथेन्सचा नाटककार युरिपिडिस याच्या नाटकातल्या ओळी म्हणून दाखवणाऱ्या कैद्याला भाकरी आणि ऑलिव्ह देतात. पुढे त्यांच्या डोक्यात येतं की या कैद्यांनाच घेऊन त्याचं ‘मीडिया’ हे नाटक बसवायचं. युरिपिडिसच्या ओळी पाठ असल्यामुळे काही अथेनियन कैदी वाचले, असं प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवलंय. लेननने त्या धाग्यावरून अख्खी कादंबरी विणली. त्याचे कुंभार बोलतात आजच्या डब्लिनच्या बोलीत, शिव्यांसकट. दहा पानांत कान सरावतो. खाणीतल्या प्रयोगाचं प्रकरण वाचताना मी गाडीत उभी होते आणि माझं स्टेशन मागे पडलं. त्या मुलीने माझं बोलणं ऐकून ही कादंबरी काढली, ती यादी बघून नव्हे. या दुकानाला मी पूर्ण गुण देते ते यासाठी.

हे सगळं शक्य होतं त्यामागे एक व्यवहार आहे. पूर्वी या साखळीत दर्शनी टेबलावरची जागा प्रकाशक पैसे मोजून घ्यायचे. मोठ्या प्रकाशकाचं, मोठ्या नावाचं पुस्तक सगळ्या शाखांत एकाच जागी दिसायचं. २०११ मध्ये जेम्स डाँट यांच्याकडे कारभार आला. मेरिलबोनमधलं स्वतःचं पुस्तकांचं दुकान त्यांनी १९९० पासून चालवलेलं होतं. त्यांनी ही जागाविक्री बंद केली आणि टेबलावर काय मांडायचं ते त्या-त्या शाखेवर सोपवलं. हमखास मिळणारे पैसे त्यांनी सोडले. जागा विकत घेण्याची ऐपत पहिल्या कादंबरीच्या लेखकाच्या प्रकाशकाकडे सहसा नसते, म्हणून जागा विकणं थांबल्यावरच अशी पुस्तकं पुढे येऊ शकतात. हातची चिठ्ठीही मग खरी वाटते, कारण तिच्यासाठी कुणी पैसे दिलेले नसतात.

आपल्याकडे पहिल्या कादंबऱ्यांची वानवा नाही. ‘कोसला’ ही नेमाड्यांची पहिलीच कादंबरी, १९६३ ची, देशमुख आणि कंपनीने काढलेली. त्याच प्रकाशनाने अलीकडे तुळजापूरच्या देविदास सौदागरांची ‘उसवण’ काढली. सौदागर स्वतः शिवणकाम केलेले, आणि कादंबरीही रेडीमेड कपड्यांपुढे हतबल झालेल्या शिंप्याची. २०२४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. म्हणजे नवख्या लेखकावर विश्वास टाकणारे प्रकाशक आपल्याकडे साठ वर्षांपूर्वी होते आणि आजही आहेत. मला खटकतं ते पुढचं. ‘उसवण’ मी ऐकली ती पुरस्काराच्या बातमीतून. माझ्यासारख्या कितीतरी वाचकांपर्यंत ती तशीच पोचली असणार. कुणा विक्रेत्याने त्याआधी ती माझ्या पुढ्यात ठेवायला हवी होती.

दादरला किंवा अप्पा बळवंत चौकात काउंटरमागे उभ्या असलेल्या जुन्या माणसांना पुस्तकांची जाण कमी नाही. नाव अर्धवट सांगा, ते बरोबर पुस्तक काढून देतात. फक्त आपण नाव घेऊन जातो आणि ते नाव शोधून देतात, तिथेच संभाषण संपतं. काय वाचू, असं आपणही विचारायला हवं. आणि त्यांनीही एक पुठ्ठा कापून, स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहून, एखाद्या नवख्या कादंबरीखाली लावून बघावं. त्याला खर्च काहीच नाही. पुढच्या सुट्टीत नाशिकला गेले की मी आमच्या नेहमीच्या दुकानदार काकांना हे सुचवणार आहे, आणि पहिल्या चिठ्ठीसाठी ‘उसवण’चं नाव देणार आहे.

गावर स्ट्रीटला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पुठ्ठा बांधणीच्या नव्या कादंबरीला साधारण १५ ते २० पौंड पडतात. वर्षभर थांबायची तयारी असेल तर पेपरबॅक जवळजवळ निम्म्या किमतीत येते. आणि संध्याकाळी गर्दी व्हायच्या आत जा, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. २०२५ चा पुरस्कार लूसी स्टीड्स यांच्या ‘द आर्टिस्ट’ला मिळालाय, १९२० च्या फ्रान्समधल्या एका चित्रकाराच्या घरातली गोष्ट. चित्रांची आवड असेल तर तिथून सुरुवात करा. नाटकाची असेल तर लेनन.