भाचीला दिलेली भेट आणि माझे १०,७४७ रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. १०,७४७ रुपये. आणि मी पोटापाण्यासाठी हिशेब तपासतो. दुसऱ्याच्या व्हाउचरवर कुठे सही राहिली ते मला टेबलाच्या पलीकडून दिसतं. हसायचं असेल तर हसा. घरचे हसून झालेत.

भाची यंदा इंजिनिअरिंगला गेली. चार मुलींनी मिळून फ्लॅट घेतलाय, एक शेगडी आणि एक कुकर. बहीण म्हणाली, कार्टी नूडल्सवर दिवस काढतेय. वाढदिवसाला पाकीट देण्यापेक्षा काही उपयोगाचं द्यावं म्हणून शोधत होतो, तेवढ्यात स्वयंपाकाच्या किटची जाहिरात आली: मोजून चिरलेली भाजी, मसाल्याच्या पुड्या, सोबत कृतीचं कार्ड. आठवड्याला एक खोका, चार आठवडे, १,४९९ रुपये. 'विद्यार्थ्यांसाठी गिफ्ट प्लॅन.' यात संशय यावा असं काय होतं? काही नव्हतं, हे मी अजूनही म्हणतो.

संशय यायला हवा होता तो पुढच्या पानावर. पैसे भरले, आणि 'पत्ता पक्का करण्यासाठी १ रुपया' असं आलं. दीड हजार घेऊन बसलेल्याला पत्त्यासाठी आणखी रुपया कशाला लागतो? पत्ता पिनकोडवरून कळतो, रुपयावरून नाही. मी लोकलमध्ये उभा होतो, एका हाताने वरची कडी धरलेली, कानात बहीण बोलत होती. वर ठळक १ रुपया दिसला, पिन टाकला, मोकळा झालो. त्याच पडद्यावर खाली करड्या बारीक अक्षरांत काय होतं ते मी तीन महिन्यांनी वाचलं: रक्कम ५,००० पर्यंत, वारंवारता मागणीनुसार, मुदत तीस वर्षं. ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापून घ्यायची, परवानगी होती ती. 'पर्यंत' हा एक शब्द वाचला असता तरी पुरे होतं. मी कोरा चेक सही करून दिला, वर तीस वर्षांची मुदतही दिली.

पहिला खोका आला. कोथिंबीर काळी, पनीरची पिशवी फुग्यासारखी टम्म. कार्डावरची पहिली ओळ, 'ओव्हन २०० अंशांवर तापवून घ्या.' एका शेगडीवर! हे सगळं मला नंतर कळलं, कारण भाचीने तेव्हा पाठवलं होतं, 'मामा, मस्त होतं, थँक्यू.' दुसरा खोका वॉचमनच्या केबिनमध्ये मुंग्यांनी खाल्ला. तिसरा आणि चौथा आलेच नाहीत. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. भेट दिली की चौकशी करायची नाही आणि घेतली की कुरकुर करायची नाही, असं आपल्याला वळण. या लोकांचा सगळा धंदा त्या संकोचावर उभा आहे. तेव्हा कुणाला असलं काही पाठवलं असेल तर आजच फोन करा आणि सरळ विचारा, आलं का, खाण्याजोगं होतं का. वाईट दिसेल, दिसू दे.

चार आठवडे संपले आणि 'सदस्यता' आपोआप सुरू झाली. २,९९९. पुढच्या महिन्यात पुन्हा २,९९९. तिसऱ्या महिन्यात ३,२४९. वरचे २५० पॅकिंगचे म्हणे. न आलेल्या खोक्याचं पॅकिंग.

कापण्याच्या २४ तास आधी सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूचना आली होती, तिन्ही वेळा. पण तिच्यात किटवाल्यांचं नावच नव्हतं, पैसे गोळा करणाऱ्या भलत्याच कंपनीचं होतं, आणि ती कर्जाच्या दोन व प्लॉटच्या एका जाहिरातीत दबलेली. १५,००० पर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी पिन विचारत नाहीत, त्यामुळे तीही खिडकी बंद. बँकेचे मेसेज कंटाळवाणे असतात, तरी वाचा.

मग सुरू झाली वारी. बँकेत काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'सर, पिन तुम्हीच टाकलाय.' फॉर्मवर प्रश्न, व्यवहार तुम्ही केला का? हो किंवा नाही. 'फसवून करवून घेतला' यासाठी चौकोन नाही. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर प्रकरण तिथेच बंद. एका कार्यालयाने सांगितलं, हा मालाचा वाद, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, पैसे परस्पर गेलेत, म्हणजे इकडचं नाही. पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, किटमध्ये होतं काय? मी म्हटलं, भाजी. त्याने आतल्याला हाक मारली, 'अरे, भाजीची केस आलीये!' नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ऑनलाइन फसव्या युक्त्यांची १३ प्रकारांची यादी काढली आणि त्या वापरायला मनाई केली. 'सबस्क्रिप्शन ट्रॅप', म्हणजे सदस्यतेत अडकवून बाहेर पडणं अवघड करणं, त्यात नावासकट आहे. मी ती छापून एका साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. कपाचं वर्तुळ अजून आहे त्या कागदावर, मी फाइलला लावलाय. चार ठिकाणी मिळून सहा खेपा, त्यात दोन रजा गेल्या, झेरॉक्स वेगळ्या. आणि प्रत्येक खिडकीवर तोच चेहरा: शिकलेला माणूस आणि असा कसा फसला?

किटवाल्यांच्या ॲपमध्ये 'रद्द' हे बटणच नाही, 'पॉज' आहे. पॉजवर विसंबू नका. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं पान असतं, तिथून परवानगी कायमची रद्द होते. मला दोन मिनिटं लागली. तिथे आणखी एक जुनी, विसरलेली परवानगी सापडली, तीही उडवली. पैसे ताजे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, मालाची तक्रार असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला. बँकेला लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तोंडी तक्रारीला काडीची किंमत नाही.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज टाकलाय. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर अर्ज घरबसल्या भरता येतो. भाचीने फुगलेल्या पनीरचा फोटो काढून ठेवला होता, मैत्रिणींना हसायला. तोच आता पुरावा क्रमांक ४.

बायकोला मी अजून ७,४९८ च सांगितलेत. शेवटची कपात तिला माहीत नाही.