दशांशाने भागताना: चिन्ह सरकवावे की छेद मांडावा?

दशांश अपूर्णांकाने भागायला शिकवताना पालकासमोर किंवा शिक्षकासमोर दोन रीती असतात. पहिल्या रीतीत भाजक पूर्ण संख्या होईपर्यंत त्याचे दशांशचिन्ह उजवीकडे सरकवायचे, भाज्याचेही तितकीच घरे सरकवायचे आणि मग नेहमीसारखा भागाकार करायचा. दुसऱ्या रीतीत भाज्य व भाजक दोन्ही १०, १००, १००० अशा छेदांच्या व्यवहारी अपूर्णांकांत मांडायचे आणि भाजकाच्या गुणाकार व्यस्ताने, म्हणजे त्याचे अंश-छेद उलटवून, गुणायचे. माझ्या मुलीला मी पहिली रीत शिकवली आणि दोन वर्षांनी भाच्याला दुसरी. दोन मुलांवरून नियम बांधता येत नाही याची मला जाणीव आहे. तरीही जे पाहिले ते निवड करणाऱ्याच्या उपयोगी पडेल असे वाटते.

दोन्ही रीती जुन्या आहेत. भाजकाच्या अंश-छेदांची अदलाबदल करून गुणावे, हा नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, स्पष्ट दिलेला आहे. दशांशांची घरे मोजून भागण्याची रीत फ्लेमिश गणिती सायमन स्टीव्हिन यांनी १५८५ साली एका छोट्या पुस्तिकेत मांडली. त्यांच्या लेखनात दशांशचिन्ह नव्हते. प्रत्येक अंकापुढे त्याचे घर सांगणारा, वर्तुळात लिहिलेला आकडा असे. आधी पूर्ण संख्यांसारखा भागाकार करावा आणि नंतर शेवटच्या घरांची वजाबाकी करावी, हा त्यांचा नियम होता. भाजकाची घरे भाज्यापेक्षा जास्त असतील तर काय करावे, हे मात्र त्यांना वेगळी टीप देऊन सांगावे लागले: भाज्यापुढे लागतील तितकी शून्ये जोडावीत. त्यांचे उदाहरण आजच्या लेखनात ०.०७ ÷ ०.००००४ असे होईल आणि त्याचे उत्तर १७५० येते. ही टीप मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आमच्या घरी नेमकी हीच जागा अडली.

दिवाळीच्या सुमारास मी मुलीला विचारले की ९ किलो चिवडा ०.२५ किलोच्या पुड्यांत भरला तर किती पुडे होतील. तिने भाजकातले चिन्ह दोन घरे सरकवून २५ केले. भाज्याकडे पाहिले तर तिथे चिन्हच नव्हते, त्यामुळे सरकवण्यासारखे काही नाही असे समजून तिने ९ ला २५ ने भागले आणि ०.३६ हे उत्तर लिहिले. खरे उत्तर ३६ आहे. अंक तेच असल्यामुळे तिला आपले उत्तर जवळजवळ बरोबर वाटले, आणि ‘फक्त चिन्हाची चूक’ म्हणून ती ते पुसून पुढे गेली. प्रत्यक्षात तिच्या उत्तराप्रमाणे ९ किलो चिवड्यातून एक पुडासुद्धा पूर्ण भरत नव्हता.

९ म्हणजेच ९.०० आणि न लिहिलेले चिन्हसुद्धा सरकते, हे मी तिला अनेकदा समजावले. ४.८ ÷ ०.१२ सारख्या उदाहरणात ती चुकत नसे, कारण तिथे चिन्ह डोळ्यांपुढे असे. ४८० ÷ १२ करून ती ४० हे उत्तर सहज काढी. पूर्ण संख्येला दशांशाने भागायची वेळ आली की मात्र तीच चूक पुन्हा होई. सहा-सात आठवडे हे चालले. माझ्या लक्षात असे आले की चूक तिच्या एकाग्रतेत नव्हती. ती रीतीच्या शब्दांतच होती. ‘चिन्ह सरकवा’ असे सांगितल्यावर मूल चिन्ह शोधते, आणि ते दिसले नाही की सूचनाच संपते. खरे तर चिन्ह सरकत नसते. भाज्य आणि भाजक या दोघांना एकाच संख्येने, इथे १०० ने, गुणले जात असते आणि म्हणून भागाकार बदलत नाही. सरकवण्याच्या शब्दांत हे कारण कुठेच उरत नाही.

याच शब्दांमुळे दुसरीही एक गफलत होते. ०.३ × ०.४ करताना ३ आणि ४ यांचा गुणाकार करून शेवटी दोन घरे मोजून चिन्ह ‘परत’ द्यायचे असते. ती सवय लागलेले मूल भागाकारातही उत्तर काढून झाल्यावर सरकवलेली घरे परत आणू पाहते. अशा वेळी ‘गुणाकारात परत आणायचे, भागाकारात नाही’ असे पाठ करून घेण्यापलीकडे सरकवणाऱ्या रीतीजवळ उपाय नसतो.

भाच्याला शिकवताना मी तेच उदाहरण छेद मांडून सोडवले: ९ ÷ ०.२५ म्हणजे ९ ÷ २५/१००, म्हणजे ९ × १००/२५, म्हणजे ९ × ४, म्हणजे ३६. यात शून्ये जोडायची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. १०० हा आकडा आपोआप ९ च्या शेजारी येऊन बसतो. शिवाय मधल्या पायरीत ‘४’ दिसतो. एका किलोत पाव किलोचे चार पुडे होतात ही स्वयंपाकघरातली माहिती आणि वहीतली पायरी तिथे एकमेकींना भेटतात. पावकी, म्हणजे पावाचा पाढा, पाठ असलेल्या पिढीला ‘छत्तीस पाव नऊ’ हे वेगळे सांगावे लागत नसे. आजच्या मुलांना तोच संबंध छेदातून दिसतो. एकाहून लहान संख्येने भागले की उत्तर भाज्यापेक्षा मोठे येते, ही मुलांना फार खटकणारी गोष्टही माझ्या भाच्याने फारशी शंका न घेता स्वीकारली, कारण भागाकाराचा चारपट गुणाकार झालेला त्याने स्वतः पाहिला होता.

छेदाच्या रीतीचे दोषही सांगायला हवेत. लिहिणे बरेच वाढते. घाईत असलेले मूल कधी भाजकाऐवजी भाज्यच उलटवते, आणि शून्ये काटताना एखादे जास्त काटले जाते. १८.२७ ÷ २.९ या उदाहरणात १८२७/१०० × १०/२९ मांडून, दहाने काटून, २९ ने भागून ६३/१० पर्यंत यायचे आणि मग ६.३ लिहायचे, हा लांबचा रस्ता आहे. सरकवणारे मूल १८२.७ ला २९ ने भागून दोन ओळींत मोकळे होते. अपूर्णांकांचा भागाकारच कच्चा असलेल्या मुलाला ही रीत देणे म्हणजे एका अडचणीवर दुसरी लादणे होईल. त्याच्यासाठी आधी तो भाग पक्का करावा किंवा तूर्त सरकवण्याची रीतच वापरावी. मात्र भाज्य उलटवण्याच्या चुकीबद्दल माझा अनुभव असा की ती पटकन पकडली जाते, कारण येणारे उत्तर विचित्र दिसते. ०.३६ सारखे ओळखीचे अंक लेवून आलेले चुकीचे उत्तर जास्त धोक्याचे असते. शिष्यवृत्तीसारख्या बहुपर्यायी परीक्षेत ३६०, ३६, ३.६ आणि ०.३६ असे पर्याय शेजारीशेजारी दिले जाऊ शकतात, आणि मग चुकीचे उत्तर मुलाला छापलेलेच सापडते.

भागाकारात उरणाऱ्या बाकीच्या बाबतीत मात्र दोन्ही रीती मला अपुऱ्या वाटल्या. ७.५ लिटर तेल ०.४ लिटरच्या बाटल्यांत भरायचे असेल तर सरकवणारे मूल ७५ ला ४ ने भागून १८ बाटल्या आणि बाकी ३ असे सांगते. ते ३ लिटर नसून ०.३ लिटर असते, कारण दहाने गुणताना बाकीही दसपट झालेली असते. छेद मांडणाऱ्या मुलाचे उत्तर १८ पूर्णांक ३/४ येते, आणि हे ३/४ लिटरचे नसून बाटलीचे आहेत हे त्याला वेगळे सांगावे लागते. अशा उदाहरणांत ७५०० मिलिलिटरला ४०० मिलिलिटरने भागून १८ बाटल्या व बाकी ३०० मिलिलिटर असे काढणे मला सर्वांत स्वच्छ वाटते. एकक लहान केले की दशांश उरतच नाही आणि बाकी आपल्याच एककात मिळते. ज्या उदाहरणाला एकक नाही तिथे मात्र हा मार्ग बंद असतो.

आपल्या मुलाचा अपूर्णांकांवर हात बसलेला असेल आणि परीक्षा अगदी तोंडावर नसेल, तर माझा कल छेदाच्या रीतीकडे आहे, निदान पहिले दोन-तीन महिने तरी. त्यातही सुरुवात ६ ÷ ०.५, ९ ÷ ०.२५, ३ ÷ ०.१५ अशा, भाज्य पूर्ण संख्या असलेल्या उदाहरणांनी करावी असे मी सुचवेन. ही उदाहरणे बहुधा शेवटी ठेवली जातात. चूक मात्र तिथेच होते, म्हणून ती आधी यावीत. प्रत्येक वेळी मांडणीच्या आधी एकच प्रश्न विचारावा: उत्तर भाज्याहून मोठे येणार की लहान?

भाच्याला पुढे सरकवण्याची रीतही मी दाखवली, पण ‘सरकव’ हा शब्द टाळून. ९ हा अंश आणि ०.२५ हा छेद असा एकच अपूर्णांक लिहायला लावला आणि अंश व छेद दोन्हींना १०० ने गुणायला सांगितले. ९००/२५ लिहून झाल्यावर त्यानेच विचारले की मग आडव्या रेघेऐवजी सरळ भागाकारच का मांडू नये. त्यानंतर मोठ्या आकड्यांसाठी तो हीच रीत वापरू लागला आणि लहान आकड्यांसाठी अजूनही छेद उलटवतो. मुलीलाही मी नंतर हीच मांडणी दिली. ती आता मोठ्या वर्गात आहे, तरी पूर्ण संख्येला दशांशाने भागताना ती भाज्यापुढे आधी चिन्ह आणि दोन शून्ये लिहून घेते आणि मगच पेन पुढे नेते.